स्वाक्षरांकित छायाचित्रांचा संग्रह

प्रसिद्ध व्यक्तींनी स्वहस्ते सही केलेली छायाचित्रे मिळविणे, ती जतन करणे व त्यांची सत्यता पडताळणे, असा हा छंद असून तो स्वाक्षरीसंग्रहाची एक शाखा मानला जातो. वहीतील स्वाक्षरीत केवळ हस्ताक्षर असते. येथे व्यक्तीची प्रतिमा, तिचे हस्ताक्षर आणि पुष्कळदा ज्याला छायाचित्र दिले त्याचे नाव व दिनांक एकाच कागदावर येतात. म्हणून अशा छायाचित्रास दस्तऐवजाचे मूल्य येऊ शकते. मात्र ते कोणाकडून कोणाकडे आले, ही पूर्वस्वामित्वाची परंपरा ज्ञात असली पाहिजे.

पॅरिसमधील छायाचित्रकार दिस्देरी याने १८५४ मध्ये भेटपत्राच्या आकाराच्या छायाचित्रांचे एकस्व घेतले. एकाच काचेवर अनेक लहान प्रतिमा घेता येऊ लागल्याने छायाचित्रे स्वस्त झाली आणि नामवंतांची छायाचित्रे संग्रहात ठेवण्याची प्रथा पडली. भारतात नाट्य व चित्रपट कलावंतांबरोबरच राष्ट्रीय नेत्यांच्या स्वाक्षऱ्यांनाही मोठी मागणी होती. महात्मा गांधी हरिजन निधीसाठी स्वाक्षरीमागे पाच रुपये घेत.

मागणी वाढल्यावर प्रत्येक प्रतीवर स्वतः सही करणे लोकप्रिय व्यक्तींना अशक्य होई. त्यामुळे चिटणिसाने केलेली सही, रबरी शिक्का, मूळ काचेवरूनच छापली गेलेली सही आणि सही करणारे यंत्र असे पर्याय रूढ झाले. यांतील सर्वच प्रकार फसवणुकीच्या हेतूने केलेले नसतात. परंतु त्यांना स्वहस्ताक्षर म्हणता येत नाही. भिंगाखाली छापील सहीत ठिपक्यांची जाळी दिसते किंवा शाई पृष्ठभागावर न आढळता प्रतिमेचाच भाग असल्याचे दिसते. यंत्राने केलेल्या सहीत दाब सर्वत्र सारखा असतो आणि दोन सह्या एकमेकींशी तंतोतंत जुळतात. खऱ्या माणसाच्या दोन सह्या तशा कधीच जुळत नाहीत.

पडताळणीची पद्धत सोलापूरच्या एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९१०–४२) यांचा जन्म सोलापूरचा. १९३८ मध्ये ते भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले व ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच निधन पावले. त्यांच्या सहीचे म्हणून एखादे छायाचित्र पुढे आल्यास प्रथम प्रतिमा तपासावी लागते. कारण १९४६ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटात व्ही. शांताराम यांनी त्यांची भूमिका केली असून त्यातील स्थिरचित्रांची मूळ छायाचित्रांशी गल्लत होऊ शकते. त्यानंतर शाई पाहावी. बॉलपेनचा सार्वत्रिक प्रसार दुसऱ्या महायुद्धानंतरचा असल्याने त्या पेनाची सही येथे त्याज्य ठरते. शेवटी कागद. छायाचित्राच्या कागदात शुभ्रता वाढविणारी द्रव्ये १९५० नंतरच्या काळात वापरात आली. जंबुपार किरणांत कागद निळसर चमकल्यास ती प्रत बहुधा त्यांच्या निधनानंतरची असते.

तथापि या कसोट्यांनी खोटेपणा उघड होतो, खरेपणा सिद्ध होत नाही. जुन्या कोऱ्या छायाचित्रावर जुन्या शाईने नवी सही करता येते. म्हणून निर्णायक ठरते ती स्वामित्वाची साखळी : छायाचित्रासोबतचे पत्र व टपालशिक्क्याचे पाकीट, पाठीमागील छायाचित्रगृहाचा शिक्का, त्या प्रसंगाची वृत्तपत्रातील बातमी, आणि वारसांकडून पुढील धारकाकडे झालेल्या हस्तांतरणाची नोंद. विक्रेत्याने दिलेले प्रमाणपत्र या साखळीची जागा घेऊ शकत नाही.

व्यवहारात ही साखळी बहुधा घरातच तुटते. छायाचित्र कोणी, केव्हा व कोणत्या निमित्ताने दिले हे फक्त एका वडीलधाऱ्या व्यक्तीस ठाऊक असते; तिच्या पश्चात चौकट बदलताना पाठीमागचा मजकूर फेकला जातो आणि खरे छायाचित्रही संशयास्पद ठरते. यासाठी ही माहिती वेगळ्या कागदावर दिनांकासह लिहून ठेवावी, जुने पाकीट व पुठ्ठा टाकू नये आणि छायाचित्र आम्लविरहित कागदात, उन्हापासून दूर ठेवावे.

पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार ऐतिहासिक मूल्याची किमान ७५ वर्षे जुनी हस्तलिखिते व दस्तऐवज पुरावशेषांत मोडतात आणि खाजगी व्यक्तीस पुरावशेषांची निर्यात करता येत नाही. जुन्या स्वाक्षरांकित वस्तू परदेशी पाठविण्यापूर्वी संग्राहकाने ही तरतूद लक्षात घेणे आवश्यक असते.