शांत बेटावर जाण्यापूर्वी

उतारवयात निवांत सागरकिनारा मनाला सुखावतो. मात्र एकांत जितका अधिक, तितके रुग्णालय दूर, याचे भान ठेवावे. अंदमानातील शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, असेच आहे. तेथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. परंतु गंभीर आजारात बोटीने पोर्ट ब्लेअर, म्हणजेच आताचे श्री विजयपुरम, गाठावे लागते.

म्हणून आपण जानेवारी ते मार्च हा समुद्र शांत असण्याचा काळ निवडावा. निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मुक्कामापेक्षा आठवडाभर अधिक पुरतील इतकी औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत ठेवावीत. इन्सुलिन उन्हापासून जपावे. हवामान बिघडल्यास बोट रद्द होते. त्यामुळे परतीच्या विमानाआधी एक रात्र पोर्ट ब्लेअरला राखून ठेवावी.

ओहोटीच्या वेळी निसरड्या खडकांवरून नैसर्गिक शिलासेतूपर्यंत जाण्याचा मोह ज्येष्ठांनी टाळावा. त्याऐवजी दुपारी विश्रांती घेऊन लक्ष्मणपूरच्या वाळूवर बसावे. तेथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. सोबतच्यांनी दिवसाला एकच ठिकाण ठरवावे, म्हणजे त्यांनाही विसावा लाभेल.