बेटांचे महाद्वार : ओबान

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर ओबान नावाचे टुमदार बंदर आहे. गेलिक भाषेत या नावाचा अर्थ ‘छोटा उपसागर’ असा होतो. समोर आडवे पसरलेले केरेरा बेट महासागराच्या लाटा अडविते. म्हणून येथे नौका निर्धास्तपणे विसावतात. १८८० साली आगगाडी येथे पोहोचली आणि प्रवाशांची वर्दळ वाढली.

लिस्मोर, कॉलन्से, टायरी इत्यादी बेटांकडे येथूनच फेरीबोटी सुटतात. धान्य, टपाल, मोटारी, आप्तेष्ट, सारे काही त्यांतूनच जाते. वादळाने फेऱ्या खोळंबल्या, की बेटवासीयांचे जीवनच अडते.

नगरामागील टेकडीवर कमानींची एक वर्तुळाकार दगडी वास्तू दिसते. हिवाळ्यात बेकार होणाऱ्या पाथरवटांना काम मिळावे आणि आपल्या घराण्याचे स्मारकही व्हावे, या हेतूने जॉन स्टुअर्ट मॅककेग या धनिकाने १८९७ साली रोमच्या कलोसियमच्या धर्तीवर ती बांधावयास घेतली. १९०२ साली तो निवर्तला व काम थांबले. आज तिच्या भिंतींच्या आत रम्य उद्यान आहे. तेथून खालचे बंदर आणि दूरची बेटे दृष्टीस पडतात. वास्तू अपुरी राहिली खरी. परंतु तिच्यामुळे कित्येक पाथरवटांच्या घरची चूल ऐन हिवाळ्यात पेटती राहिली. तिचे खरे मोल यातच नाही काय?