सैल सन व्हायझर अंगावर काढू नका
सकाळ-संध्याकाळी समोरचं ऊन डोळ्यांवर येऊ नये म्हणून मोटारीत सन व्हायझर असतो. पण त्याची पकड सैल झाली किंवा प्लास्टिकचा जोड उकलला, की तोच खाली लोंबून रस्ता झाकतो. अमेरिकेत २००६ ते २००८ च्या होंडा सिव्हिकमध्ये असे व्हायझर फुटू लागले. मालक कोर्टात गेले आणि कंपनीने वॉरंटी वाढवली. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर पुढे जाते. व्हायझर सावरण्यात एक सेकंद गेला, तरी तेवढं अंतर न पाहताच कापलं जातं. त्यामुळे व्हायझर आपोआप खाली येत असेल, तर चिकटपट्टीवर भागवू नका. तो लगेच बदलून घ्या. त्यात जड वस्तूही अडकवू नका.