मूळ कॅसेट कोणाकडे?

भिवंडीत, निजामपुऱ्यातल्या आमच्या घरी कपाटाच्या वरच्या फळीवर तीन कॅसेट होत्या. ताईच्या लग्नाची १९९२ सालची जाडजूड व्हीएचएस, भाच्याच्या बारशाची हाय-एट आणि धाकट्या भावाच्या लग्नाची, २००४ सालची इवलीशी मिनी डीव्ही. मागच्या पावसाळ्यात ताई म्हणाली, "आजी दिसते ना, तेवढी काढून दे." आजीचं चालतंबोलतं चित्र आमच्याकडे दुसरं नाही.

जुना व्हीसीआर आणि कॅमेरे मागून आणले आणि तिन्ही कॅसेट एकाच टीव्हीवर लावल्या. टेप जितकी रुंद तितकं चित्र चांगलं, असं मला वाटायचं. घडलं उलटंच. व्हीएचएसची टेप १२.७ मिलिमीटर रुंद, पण तिच्यावर आडवा तपशील जेमतेम २४० रेषांचा. रंगाला तर त्याहूनही कितीतरी कमी जागा. म्हणून ताईचा लाल शालू कडेबाहेर सांडलेला दिसतो. हाय-एटची टेप ८ मिलिमीटरची, पण धातूच्या लेपाची. ती ४०० रेषांपर्यंत जाते. मिनी डीव्ही ६.३५ मिलिमीटरची, आणि तिच्यावर चित्र आकड्यांच्या रूपात असतं. रेषा सुमारे ५००. भावाच्या मुंडावळ्यांचा मणी न मणी दिसत होता. अर्थात सनगनचा झोत डोळ्यांवर आला की तिन्हींत माणसं सारखीच डोळे मिचकावतात!

पण आजीचा चेहरा अगदीच पुसट होता. एवढा दोष व्हीएचएसचाही नव्हे. आमच्याकडची कॅसेट मुळात नक्कल होती. शूटिंग एका कॅसेटवर, त्यावरून गाणी आणि गुलाबाची फुलं घालून मिक्सिंग दुसरीवर, आणि त्याची प्रत आम्हाला. तेव्हा संकलन म्हणजेच एका यंत्रातून दुसऱ्यात उतरवणं, आणि अशा टेपवर प्रत्येक उतरवणीत चित्र झिजतं. आकड्यांची नक्कल तशी झिजत नाही.

तरी मिनी डीव्हीवर विसंबू नका. व्हीएचएस खराब झाली तर पांढरे ओरखडे येतात, माणूस ओळखू येतो. मिनी डीव्ही एका मर्यादेपर्यंत चूक सावरते, मग चित्राचे चौकोनी तुकडे होतात नाहीतर ते गोठतं. आमच्या कॅसेटमध्ये सप्तपदीची चार पावलं अशीच गेली. म्हणून ती आधी संगणकावर घ्या, फायरवायरच्या तारेने. आकडे जसेच्या तसे उतरतात. टेपवर पांढरी बुरशी दिसली तर मात्र ती यंत्रात घालू नका. हेडला लागली की पुढच्या कॅसेटलाही लागते, आणि नवे व्हीसीआर बनणं २०१६ सालीच थांबलं आहे.

ताईच्या लग्नाचं शूटिंग केलेल्या गृहस्थांना गाठलं. मूळ कॅसेट त्यांच्या माळ्यावर सापडली, पण तिच्यावर दुसऱ्याच कुणाचं लग्न होतं! ते लग्न आटोपशीर, त्यामुळे शेवटची अकरा मिनिटं आमची उरली होती. पाठवणीची. आजी दाराशी उभी आहे. नथीतले मोती मोजता येत नाहीत, पण तिने नथ घातली होती, हे आम्हाला पहिल्यांदाच दिसलं.