काचेच्या पेटीतलं ऊन

'कासव पाळायला काय लागतं? एक टब आणि वाटीभर पाणी!' असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढचं जरूर वाचावं. शहरातल्या मत्स्यालयाच्या दुकानात काडेपेटीत मावेल एवढं हिरवं पिल्लू मिळतं. गणपतीपुळ्याच्या माझ्या भाच्यासाठी असंच एक घरी आलं आणि 'मामा इंजिनिअर होतोय ना' म्हणून त्याचं घर बांधायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

आधी ओळख पटवा. डोळ्यामागे लाल पट्टा असेल तर ते मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं लाल कानाचं कासव. पट्टा नसेल, पाठीवर चांदण्या असतील किंवा ते शेतातल्या डबक्यात सापडलेलं असेल, तर तिथेच थांबा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार आपली देशी कासवं घरात ठेवणं गुन्हा आहे. सरळ वनखात्याला १९२६ वर फोन करा.

आता सिव्हिलवाल्यांसाठी. हे पिल्लू नीट वाढलं तर २५-३० सेंटिमीटरचं होतं आणि तीस वर्षंही जगतं. पाण्याचा अंदाज असा, की पाठीच्या दर इंचाला साधारण ४० लिटर. आमची पेटी ४ फूट बाय २ फूट, पाणी दीड फूट, म्हणजे सुमारे ३४० लिटर. लांब बाजूच्या काचेवर पाण्याचा एकूण रेटा सव्वाशे किलोच्या आसपास येतो (करून बघा, पहिल्या वर्षाचंच गणित आहे). दाब ठरतो तो पाण्याच्या उंचीवर, लिटरवर नाही. म्हणून पेटी उंच करण्यापेक्षा लांब करावी. काच १० मिलिमीटरची घेतली. पडवीत चिऱ्यांच्या तीन रांगा रचल्या, त्यावर कडप्पा, त्यावर थर्माकोल आणि मग पेटी. दोनच रांगांवर भागलं असतं असं गवंडी म्हणत होता, पण दगड ताणात कच्चा, त्यामुळे मधली रांग हवीच.

खरी गंमत उन्हाची. कासवाला स्वतःची ऊब नसते. ते उन्हात चढून तापतं आणि पाण्यात उतरून निवतं. म्हणून पेटीच्या एका टोकाला पाण्याबाहेर फळी लागते. तिच्यावर ३२ ते ३५ अंश आणि पाण्यात २४ ते २८ अंश तापमान असावं. सगळी पेटी एकसारखी तापवली तर बिचाऱ्याने निवायला जायचं कुठे? पुळ्याला पाणी सहसा थंड होत नाही, त्यामुळे हीटरवर आम्ही खर्च केला नाही. पण जून ते सप्टेंबर दिवसचे दिवस ऊन नसतं, तिथे फळीवर दिवा लागतोच.

दिवाही दोन प्रकारचा. साधा बल्ब उष्णता देतो. पण उन्हातल्या अतिनील-बी किरणांमुळे कातडीत जे ड जीवनसत्त्व तयार होतं, ते बल्बने होत नाही, ट्यूबलाइट-एलईडीनेही नाही. ते नाही म्हणजे कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि पाठ मऊ पडून कासव हळूहळू मरतं. 'खिडकीशी ठेवलंय की' असं म्हणून चालत नाही, कारण खिडकीची काच नेमके हेच किरण अडवते. त्यासाठी सरपटणाऱ्या प्राण्यांची वेगळी यूव्हीबी नळी मिळते. ती डोळ्यांना झगझगीत दिसत असली तरी सहा महिने ते वर्षभरात तिचे किरण कमी होतात. म्हणून बसवल्याची तारीख मार्करने तिच्यावरच लिहून ठेवली.

तळाला किनाऱ्यावरची वाळू घालू नका. ती खारट असते, शिवाय कासव ती गिळतं. फिल्टर मोठा घ्या. त्यातल्या स्पंजमधले जिवाणू विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. स्पंज साबणाने धुतला की जिवाणू मेले, म्हणून तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. दर आठवड्याला पाव पाणी बदलतो. विहिरीचं पाणी असल्यामुळे क्लोरिनची कटकट नाही.

वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे थेंब सॉकेटमध्ये न जाता झोळावरून खाली पडतो. ३० मिलीॲम्पिअरचा ईएलसीबी लावाच, पेटीत हात घालणार मूल आहे. आणि हात घातला की साबणाने धुवायचे. कासवाच्या अंगावर साल्मोनेला असतो. त्यापायीच अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवं विकायला बंदी घातली.

भाच्याच्या आजी म्हणाल्या, ''मोठं झालं की देवळासमोर समुद्रात सोडू हो, पुण्य लागेल.'' आपल्या किनाऱ्यावर अंडी घालायला येतात ती ऑलिव्ह रिडले, वल्ह्यासारखे पाय असलेली समुद्री कासवं. याला बोटांमध्ये पडदे असलेले पाय आहेत, हे गोड्या पाण्यातलं. समुद्रात ते तगणार नाही. विहिरीत किंवा नदीत सोडलं तर तगेल आणि आपल्या कासवांच्या तोंडचं खाईल. जगातल्या सर्वांत घातक शंभर उपऱ्या प्राणी-वनस्पतींच्या यादीत त्याचं नाव आहे. आजींना हे पटायला दोन दिवस लागले. भाच्याने मात्र लगेच हिशोब केला, ''मामा, म्हणजे मी चाळीस वर्षांचा होईन तोवर हे इथेच?''

हो, इथेच. आणि नळी बदलायची पुढची तारीख मार्चमधली आहे.