उभ्या सागाचं वजन आणि लॉग टेबल

आलापल्लीच्या जंगलात उभ्या असलेल्या सागाचं वजन काढायला तो तोडावा लागत नाही. टेप, झाडाची उंची, लाकडाची घनता आणि बारावीच्या विद्यार्थ्याचं लॉग टेबल एवढ्यावर काम भागतं.

आपल्याकडे झाडाची गोलाई छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर, मोजतात. तिला ३.१४ ने भागलं की व्यास मिळतो. व्यास दुप्पट झाला की वजन मात्र दुप्पट होऊन थांबत नाही. उंची तीच राहिली तरी ते जवळजवळ चौपट होतं. हे नातं घाताचं आहे.

जेरोम शाव आणि सहकाऱ्यांनी उष्ण कटिबंधातल्या ५८ ठिकाणच्या ४,००४ झाडांच्या मोजमापांवरून २०१४ मध्ये एक सूत्र मांडलं. ही झाडं तोडून प्रत्यक्ष तोलली होती. लाकडाची घनता, सेंटिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग आणि मीटरमधली उंची यांचा गुणाकार करायचा, त्याचा ०.९७६ वा घात घ्यायचा आणि ०.०६७३ ने गुणायचं. उत्तर येतं ते झाडाच्या जमिनीवरच्या भागाचं कोरडं वजन, किलोमध्ये.

०.९७६ वा घात हाताने काढायचा कसा? लॉग घेतला की घाताचा गुणाकार होतो आणि गुणाकाराची बेरीज. समजा, सागाचा व्यास ४० सेंटिमीटर, उंची २० मीटर आणि घनता सुमारे ०.६ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर आहे. गुणाकार १९,२००. त्याचा लॉग ४.२८३३, ०.९७६ ने गुणल्यावर ४.१८०५. त्यात ०.०६७३ चा लॉग, म्हणजे उणे १.१७२०, मिळवला की ३.००८५ उरतात. अँटिलॉग १,०२०. झाड साधारण एक टनाचं.

आता उलट प्रश्न घेऊ. उंची तीच राहिली, तर दोन टनांसाठी व्यास किती हवा? इथे अज्ञात संख्या घाताखाली अडकली आहे. २,००० ला ०.०६७३ ने भागून लॉग घ्या, ४.४७३०. तो ०.९७६ ने भागा, ४.५८३०. अँटिलॉगला १२ ने, म्हणजे घनता आणि उंचीच्या गुणाकाराने, भागून वर्गमूळ काढलं की ५६.५ सेंटिमीटर येतात.

मुळात असं सूत्र हाती लागतं तेही लॉगमुळेच. वजन आणि व्यास थेट आलेखावर मांडले तर ठिपक्यांची वक्ररेषा होते. दोन्हींचे लॉग घेतले की ते सरळ रेषेजवळ येतात आणि त्या रेषेचा चढ म्हणजे घातांक. मात्र लॉगमधली ०.०५ ची छोटी चूक अँटिलॉगनंतर १२ टक्क्यांची होते. पोकळ खोडाचं वजन सूत्र जास्तच सांगणार. म्हणून एकट्या झाडापेक्षा शेकडो झाडांच्या बेरजेवर भरवसा ठेवावा.

कोरड्या लाकडात जवळपास निम्मा कार्बन असतो, त्यामुळे हे वजन म्हणजे जंगलात साठलेल्या कार्बनचा हिशेब. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. त्यानंतर जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा आपलं जंगल स्वतः सांभाळत आहेत. त्या जंगलाचा हिशेबही गावाच्या हाती असायला हवा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कनिष्ठ महाविद्यालयांतल्या शिक्षकांनी लॉगचा धडा एकदा तरी जंगलात, टेप हाती घेऊन शिकवावा आणि आलेला आकडा ग्रामसभेपुढे ठेवावा.