नगरपालिकेच्या पायऱ्या आणि अपंगांचा हक्क

कोणत्याही जुन्या नगरपालिकेच्या कचेरीपुढे घटकाभर उभे राहून पाहावे. दर्शनी भागातच चार-पाच दगडी पायऱ्या असतात. त्या चढून आत गेले की जन्म-मृत्यूच्या दाखल्यांची खिडकी लागते. परंतु आस्थापना, लेखा, समाजकल्याण हे विभाग जिना चढून वर. कुबड्या घेऊन आलेला माणूस खालच्या पायरीवर बसून राहतो आणि त्याचा कागद दुसराच कुणीतरी वर घेऊन जातो. त्याचे काम होत नाही असे नाही. होते, पण दुसऱ्याच्या मेहेरबानीने होते. अपंगांच्या योजनांचे टेबलच वरच्या मजल्यावर मांडलेले आम्ही एकाहून अधिक ठिकाणी पाहिले आहे. यावर काय बोलावे?

हा प्रश्न आपल्या साप्ताहिकात कशासाठी, असे कुणी विचारील. त्याला उत्तर जनगणनेत आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती होत्या. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार. एकूण लोकसंख्येत अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के असताना अनुसूचित जातींमध्ये ते २.४५ टक्के भरले. फरक थोडा दिसतो, पण त्याच्यामागे काय आहे हे आपल्या वस्त्यांत राहणाऱ्यांना सांगावयास नको. बाळंतपणात न मिळालेली मदत, वेळेवर न झालेले उपचार, गटारात आणि कचऱ्यात हात घालून करावयाची कामे.

आणखी एक खुलासा. सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' हा शब्द आहे. आम्ही या लेखात 'अपंग' असेच लिहिले आहे. वरून दिलेल्या गोड नावाचा अनुभव आपल्या समाजाला आहे. 'हरिजन' हे नाव बाबासाहेबांनी नाकारले होते, ते उगाच नव्हे. 'दिव्यांग' या शब्दालाही अपंगांच्या काही संघटनांनी विरोध केला होता. ज्यांना तो आवडतो त्यांनी तो जरूर वापरावा. पण नाव बदलल्याने पायरी उतरत नाही, एवढे ध्यानात असावे.

आता मुद्द्याकडे वळू. घटनेच्या ४१ व्या अनुच्छेदात बेकारी, वार्धक्य, आजार यांच्या जोडीने अपंगत्व आले असता राज्याने साहाय्य करावे असे म्हटले आहे. पुढे ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती झाली. १९९३ मध्ये त्या अमलात आल्या आणि ग्रामपंचायतीपासून महानगरपालिकेपर्यंत स्थानिक संस्थांना द्यावयाच्या कामांच्या याद्या, म्हणजे अकरावी व बारावी अनुसूची, घटनेत आल्या. त्या दोन्ही याद्यांत अपंगांचे नाव आहे. म्हणजे रस्ता, नळ, दिवाबत्ती यांच्याच रांगेत हे कामही बसते. 'आमच्याकडे असे काही नसते, जिल्ह्याला जा,' असे सांगणाऱ्या बाबूला ही गोष्ट अदबीने सांगावी.

त्यानंतर १९९५ चा अपंग व्यक्तींविषयीचा कायदा आला. तो ७ फेब्रुवारी १९९६ पासून लागू झाला आणि सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के जागा राखीव झाल्या. त्याच्या जागी २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम आला. तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. अपंगत्वाचे प्रकार ७ होते ते आता २१ झाले. या कायद्यात 'सरकारी आस्थापना' या शब्दात स्थानिक संस्थाही येतात. पालिका आणि पंचायत त्यातून सुटत नाहीत.

इमारतींविषयी हा कायदा स्वच्छ बोलतो. जुन्या सार्वजनिक इमारती अपंगांना वावरता येतील अशा करण्यासाठी नियम झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम झाले १५ जून २०१७ रोजी. पाच वर्षे जून २०२२ मध्ये भरली. आणि नव्या इमारतीत ही सोय नसेल तर तिला बांधकाम पूर्णत्वाचा दाखला अगर भोगवटा परवानगी देता येत नाही. ही परवानगी देते कोण? नगरपालिकाच! ज्या संस्थेने दुसऱ्याच्या पायऱ्या तपासावयाच्या, तिच्याच दारात पायऱ्या.

उताराच्या नावाखाली काय चालते तेही पाहावयास हवे. पायऱ्यांच्या कडेला सिमेंटचा एक घसरगुंडीसारखा पट्टा ओतायचा आणि 'रॅम्प केला' असा अहवाल पाठवायचा! खरा हिशेब असा आहे. एक फूट चढण असेल तर उताराची लांबी बारा फूट हवी. सहा इंचांच्या तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट. त्यासाठी अठरा फूट लांबीचा उतार लागतो. रुंदी सुमारे चार फूट आणि दोन्ही बाजूंना धरावयास कठडा. मोजपट्टी घेऊन कुणालाही हे पाहता येते, इंजिनियर असावे लागत नाही. नियमांत या मोजमापांना केवळ मार्गदर्शनाचे स्थान दिले आहे, सक्तीचे नाही, म्हणून राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी तो नियमच कायद्याशी विसंगत ठरविला आणि सक्तीचे नियम तीन महिन्यांत करण्यास केंद्र सरकारला सांगितले. २००५ सालची याचिका होती ती.

येथे थोडे घरचेही बोलू. धार्मिक व सांस्कृतिक कामासाठी सर्व लोक वापरतात अशा इमारतीही या कायद्याच्या व्याख्येत आहेत. आपली विहारे आणि समाजमंदिरे पाहा. जोते उंच, पायऱ्या अरुंद, आणि वंदनेच्या वेळी तीनचाकी सायकलवरचा उपासक बाहेर रस्त्यावर. समाजमंदिराचे बांधकाम बहुधा सरकारी अगर पालिकेच्या निधीतूनच होते. नकाशा मंजूर होण्यापूर्वी उताराची जागा मागावी. नंतर फोडफोड करण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडते.

आता नोकरीविषयी. आज आरक्षण ४ टक्के आहे. अंध व अल्पदृष्टी यांना १ टक्का, कर्णबधिर व ऐकू कमी येणारे यांना १ टक्का, हातापायाचे अपंगत्व असणाऱ्यांना १ टक्का. यातच मेंदूचा पक्षाघात, बरा झालेला कुष्ठरोग, बुटकेपणा, स्नायूंचा क्षय आणि ॲसिड हल्ल्याचे बळी येतात. उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अपंगत्व, शिकण्यातील अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून अधिक अपंगत्व असणाऱ्यांसाठी. अपंगत्व किमान ४० टक्के असल्याचे प्रमाणपत्र लागते. एखाद्या वर्षी योग्य उमेदवार मिळाला नाही तर ती जागा मोडीत काढता येत नाही, पुढील वर्षी न्यावी लागते.

आपल्या मुलांचा गोंधळ होतो तो पुढेच. पुष्कळांची समजूत अशी की अनुसूचित जातीचा फायदा घेतला तर अपंगांचा मिळत नाही, दोहोंपैकी एकच निवडावा लागतो. ही समजूत चुकीची आहे. जातीचे आरक्षण उभे असते. अपंगांचे आडवे, ज्याला सरकारी भाषेत समांतर आरक्षण म्हणतात. १९९२ च्या इंद्र साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हा भेद स्पष्ट केला. अपंगांच्या जागेवर निवडलेला उमेदवार ज्या प्रवर्गाचा असेल त्या प्रवर्गात त्याची जागा धरली जाते. तेव्हा अर्जात जातीचा रकाना आणि अपंगत्वाचा रकाना दोन्ही भरावेत, दोन्ही प्रमाणपत्रे जोडावीत.

प्रमाणपत्रावरून एक गोष्ट माता-भगिनींना सांगावीशी वाटते. मुलगी थोडी बहिरी असली, एका डोळ्याने अधू असली, तर घरचे लोक तपासणीलाच नेत नाहीत. 'कागद केला तर शिक्का बसेल, सोयरीक जमणार नाही.' ही भीती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. माणसे तशी वागतात. पण तो कागद नसेल तर फीची सवलत, परीक्षेत जादा वेळ, नोकरीतील राखीव जागा यांपैकी काहीच पुढे येत नाही आणि सोयरीक तरीही लपवून टिकत नाही. जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. अर्ज ऑनलाइन भरावा लागतो आणि 'यूडीआयडी' नावाचे ओळखपत्र मिळते. मुलगी दहावीला बसण्याच्या आत हे काम उरकावे.

निवड झाली म्हणजे संपले असे नाही. काम करता येईल अशी सोय करून देणे हेही पालिकेवर बंधनकारक आहे. अंध कारकुनाला पडद्यावरचे वाचून दाखविणारी प्रणाली (एनव्हीडीए नावाची तर फुकट मिळते), पायाने अधू असलेल्याला तळमजल्यावर टेबल, कर्णबधिराला तोंडी हुकमाऐवजी लेखी टिपण. यात खर्च तो किती? लेखी परीक्षेत लेखनिक देण्याबाबत तर विकास कुमार यांच्या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, ४० टक्के भरत नाहीत एवढ्या कारणावरून हाताने लिहू न शकणाऱ्याला लेखनिक नाकारता येत नाही.

परंतु आमच्या मते आपल्या समाजाच्या दृष्टीने या कायद्यातील सर्वात मोलाचे कलम वेगळेच आहे, आणि त्याची चर्चा सर्वात कमी होते. ते म्हणजे कलम २०. नोकरीत असताना ज्याला अपंगत्व आले त्याला कामावरून काढता येत नाही, त्याचा दर्जाही उतरविता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत, त्याच सवलतींसह दुसऱ्या पदावर घ्यावे लागते. तसे पद रिकामे नसेल तर ते मिळेपर्यंत अगर निवृत्तीपर्यंत त्याला अधिसंख्य पदावर ठेवता येते. हे १९९५ च्या कायद्यातही होते. पाय गमावलेल्या एका शिपायाला सेवेतून कमी केले असता कुणाल सिंह खटल्यात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच कलम वापरून त्याच्या बाजूने निकाल दिला.

आता पालिकेच्या सफाई खात्याकडे पाहा. हजेरीच्या वहीतली नावे वाचली तरी कोणत्या वस्त्यांतून माणसे येतात ते कळते. कचरागाडीच्या यंत्रात हात सापडतो, फुटक्या काचेची जखम चिघळून बोट किंवा पाय कापावा लागतो, गटाराच्या वाफेने डोळे जातात. दवाखान्यातून घरी आल्यावर मुकादम निरोप पाठवितो, 'आता तुमच्याने व्हायचे नाही, राजीनामा लिहून द्या, पोराला लावून घेऊ.' लाड-पागे समितीच्या शिफारशींप्रमाणे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते, हे घरात सर्वांना ठाऊक असते; कलम २० कुणालाच ठाऊक नसते. मग त्या रात्री घरात बोलणे होते. थोरला बेकार आहे, धाकटीचे लग्न आहे, बाप भिंतीकडे तोंड करून पडला आहे. सही होते.

वारसाला नोकरी घेऊ नये असे आमचे म्हणणे मुळीच नाही. तो हक्क झगडून मिळविलेला आहे आणि कित्येक घरे त्यावर उभी आहेत. पण बापाचा पगार चालू राहू शकतो, त्याला पहाऱ्याचे, टपालाचे, हजेरीचे काम मागता येते, हे कळल्यानंतर जो निर्णय घ्यायचा तो घरच्यांनी घ्यावा. मुकादमाच्या निरोपावर घेऊ नये. कोऱ्या कागदावर अगर न वाचलेल्या कागदावर तर सही करूच नये. युनियन असेल तर तिच्याकडे आधी जावे.

कंत्राटी कामगारांची कथा मात्र निराळी आहे. झाडलोट नगरपालिकेची, पण माणूस ठेकेदाराचा. त्याला अपघाताची नुकसानभरपाई मागता येते, परंतु कलम २० चे संरक्षण सरकारी आस्थापनेच्या कर्मचाऱ्याला आहे. ठेकेदाराच्या माणसाला त्याचा आधार नाही. ठेकेदार ४ टक्क्यांची बिंदुनामावलीही ठेवीत नाही. जेवढी कामे ठेक्यावर जातील तेवढे जातीचे आरक्षण घटते आणि अपंगांचेही घटते. या दोघांनी एकत्र येऊन बोलावे असा हा प्रश्न आहे, पण अजून तसे फारसे घडलेले दिसत नाही.

निधीबद्दल थोडक्यात. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करावयाची आहे. पूर्वी ती ३ टक्के होती. ग्रामपंचायतीलाही हे लागू आहे. ३ डिसेंबरच्या जागतिक दिनी हार-तुरे, भाषणे आणि चार व्हीलचेअरचे वाटप होते, फोटो छापून येतो. त्या व्हीलचेअरवर बसून त्याच कचेरीत शिरता येईल का, हा प्रश्न फोटो काढणाराने विचारावा. ग्रामसभेत अंदाजपत्रक वाचले जाते तेव्हा ही ५ टक्क्यांची रक्कम किती आणि गेल्या वर्षी ती कशावर गेली, हे उभे राहून विचारण्यास कुणाचीही आडकाठी नाही.

अपमानाबद्दलही सांगावयास हवे. अपंग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित केले तर कलम ९२ खाली सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्याची भाषा ज्यांना परिचित आहे त्यांना ती येथेही ओळखू येईल.

तक्रार कोठे करावयाची? प्रत्येक सरकारी आस्थापनेत नोकरीसंबंधीच्या तक्रारींसाठी एक तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याने तक्रार वहीत नोंदवून दोन आठवड्यांत चौकशी करावयाची आहे. समाधान झाले नाही तर जिल्हास्तरीय समितीकडे जाता येते आणि राज्याच्या अपंग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते. त्यांची कचेरी पुण्यास आहे. आपल्या पालिकेत हा अधिकारी कोण, ४ टक्क्यांपैकी किती पदे भरली, किती रिकामी, ही माहिती माहितीच्या अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कात मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर मिळावयास हवे. अर्ज नेहमी दोन प्रतींत करावा. एका प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का मारून घ्यावा आणि ती प्रत घरी जपून ठेवावी. आवक-जावकची खिडकी वरच्या मजल्यावर असेल तर कारकुनाला खाली बोलवावे. न आल्यास तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पोचपावती त्या प्रतीलाच टाचून ठेवावी.